तुझे 384 फॉर्म वाचले

अगं,

तुझा सिनॉप्सिस आणि ती एक्सेल फाईल दोन्ही मिळाली, परवाच मिळाली होती खरं तर, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून स्क्रीनसमोर फार वेळ बसवत नाही म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली आणि काल दुपारभर तेच वाचत बसलो.

विषय चांगला आहे. बचत गटातल्या बायका, त्यांचं शिक्षण, त्यांचे धंदे, आणि जास्त शिकलेलीचा धंदा जास्त टिकतो का, हे कुणीतरी नीट बघायलाच पाहिजे होतं. शीर्षक दोन ओळींचं आहे, 'विशेष संदर्भ' वगैरे सगळं आलंय, पण असू दे, त्याशिवाय आपल्याकडे पीएचडी झाल्यासारखी वाटत नाही कुणाला.

पण एक्सेलच्या तळाशी गेलो आणि हसूच आलं. बरोब्बर 384 ओळी. कॉमर्स आणि मॅनेजमेंटचे जितके प्रबंध मी तपासले त्यातल्या निम्म्यात तरी हाच आकडा, जणू काही भारतातल्या कुठल्याही प्रश्नावर बोलायला 384 च माणसं लागतात. हा आकडा कुठून येतो माहितीये का तुला? किती लोकसंख्येला किती माणसं विचारायची याचा जो तक्ता क्रेजसी आणि मॉर्गन यांनी 1970 मध्ये छापला, त्यातून. 95 टक्के खात्री, 5 टक्के चूक चालेल, उत्तर निम्मं-निम्मं पडेल असं धरायचं, आणि लोकसंख्या मोठी असली की गणित 384 च्या आसपास येऊन थांबतं. इथपर्यंत ठीक. पण ते गणित चिठ्ठ्या टाकून माणसं निवडली असतील तरच लागू होतं गं. तू काय केलंस? गूगल फॉर्म बनवला, दोन-तीन सीआरपी ताईंना, म्हणजे गावात गटांचं काम बघणाऱ्या बायकांना, व्हॉट्सअॅपवर पाठवला, त्यांनी तो आपापल्या ग्रुपवर टाकला, ज्यांना वेळ होता आणि नेट होतं त्यांनी भरला, आणि 384 झाल्याझाल्या तू लिंक बंद केलीस. असे 384 काय न 3,840 काय, फरक पडत नाही.

आता मूळ मुद्दा. तुझ्या यादीत कोण आहे ते तू बघितलंस, कोण नाहीये ते बघितलं नाहीस. मी पेन घेऊन बसलो होतो. शिक्षणाच्या रकान्यात सातवीच्या खालची एकसुद्धा बाई नाही. का नाही ते उघड आहे, फॉर्म मोबाईलवर आहे आणि वाचून भरायचाय. आणि दुसरं म्हणजे 384 च्या 384 जणींचा धंदा 'सुरू आहे'. एकीचाही बंद पडलेला नाही. अगं, शिक्षणामुळे धंदा टिकतो का हा तुझा प्रश्न आहे, आणि तुझ्याकडे न शिकलेली बाई नाही आणि न टिकलेला धंदाही नाही, मग तू तुलना कशाची करणार? त्यावर दोन गोष्टींचा संबंध तपासणारी काय-वर्ग चाचणी लाव नाहीतर आणखी काही लाव, एसपीएसएस सॉफ्टवेअर बिचारं काहीतरी आकडा काढून देईल, त्याला काय कळतंय.

रागावलो नाहीये. हीच चूक मी केलीये, तुझ्यापेक्षा मोठी केलीये म्हणून सांगतोय.

माझा विषय होता बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्यातली शाळागळती. मी शिकवायचो कॉलेजात, मला सवड मिळायची ती पावसाळ्यात, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये एसटीने फिरून गावोगावच्या शाळा केल्या. वर्ग भरलेले, पट चांगला, हजेरी झकास. मी खूश. गळतीचा प्रश्न लोक उगाच वाढवून सांगतात असं एक धाडसी प्रकरण पण लिहून टाकलं. मग डिसेंबरमध्ये एका मित्राच्या बहिणीच्या लग्नाला त्याच भागात गेलो, सकाळी सहज त्या शाळेवरून गेलो तर चौथीच्या वर्गात सातच पोरं. गावात फिरलो तर ओट्यावर सगळी म्हातारी माणसं. एका आजीला विचारलं, पोरं कुठं गेली? म्हणाली, "कोयत्यावर गेली की समदी."

मला कोयता म्हणजे ऊस तोडायचं हत्यार एवढंच माहिती होतं. तिकडे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, ती फेडायला दिवाळीच्या आगेमागे बिऱ्हाड उचलून पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जायचं, कारखाना चालू असेपर्यंत म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत फडात राहायचं, आणि लहान पोरं सांभाळायला घरी कुणी नसेल तर तीही बरोबर. नाव पटावर, पोर फडात. हंगामी वसतिगृहं, तोडणीवाल्यांच्या पोरांसाठीच्या साखरशाळा हे सगळं नंतर वाचून कळलं. माझे आकडे खोटे नव्हते गं, जुलैत ती पोरं खरंच वर्गात होती. मी माझ्या सवडीने गेलो, त्यांच्या हंगामाने गेलो नाही, एवढंच. एक अख्खं वर्ष गेलं ते प्रकरण परत करण्यात आणि गाईड जे नाराज झाले ते व्हायव्हापर्यंत नाराजच होते.

तर आता तुझं काय करायचं. फॉर्म टाकून देऊ नकोस, एका कोपऱ्यात राहू दे, स्मार्टफोन असलेल्या बायकांचं चित्र म्हणून एक छोटा तक्ता त्यातून होईल. पण खरं काम वेगळं कर. ग्रामसंघात, म्हणजे गावातल्या सगळ्या गटांच्या संघात, जा आणि जुनी रजिस्टरं मागून घे, पाच-सहा वर्षांपूर्वी धंद्यासाठी म्हणून कुणी कुणी कर्ज घेतलं होतं त्याची यादी तिथून मिळेल. बँकांनी गटांना जोडून कर्ज द्यायचा कार्यक्रम नाबार्डने 1992 मध्ये सुरू केला, आपल्याकडे माविमचे म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाचे गट आहेत, 2011 पासून उमेद या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे आहेत, म्हणजे कागद भरपूर आहे, फक्त तो कपाटात आहे आणि कपाटाची चावी अध्यक्षबाईंच्या कमरेला आहे. त्या जुन्या यादीतून चिठ्ठ्या काढ. मग त्या बाईचा धंदा आज चालू असो नसो, ती गावात असो नाहीतर पुण्यात धुणीभांडी करायला गेलेली असो, तिला शोध. चाळीस-पंचेचाळीस जणी पुरेत. हो, चाळीस. गाईडला सांग मी सांगितलंय म्हणून, आणि नाहीच ऐकलं तर मी फोन करतो.

आणि ते 'पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ' तेवढं बंद कर बाई. 'बचत गटामुळे माझे सक्षमीकरण झाले', पाचपैकी एकावर खूण करा! लिकर्टने ही पद्धत 1932 मध्ये मांडली तेव्हा त्याच्या डोक्यात असलं काही नसणार. आपल्याकडची बाई घरी आलेल्या पोरीला नाही म्हणत नाही, शिवाय तिला वाटतं तू योजनेची माणूस आहेस, म्हणून ती सगळ्यालाच 'हो हो, लई फायदा झाला' म्हणते, नाहीतर म्हणते 'तुमीच टाका कायतरी'. त्यापेक्षा विचार, शिलाई मशीन आता कुठंय? शेवटचा ब्लाऊज कधी शिवला, पैसे कुणाच्या हातात आले? कर्जाचा हप्ता कशातून भरला, धंद्यातून की मजुरीतून की दुसऱ्या मायक्रोफायनान्सच्या कर्जातून? धंद्याच्या नावाने घेतलेलं कर्ज दवाखान्यात नाहीतर पोराच्या फीमध्ये गेलं असं निघालं तर दचकू नकोस आणि ते 'गैरवापर' असंही लिहू नकोस. बऱ्याच ठिकाणी धंदा बाईच्या नावावर आणि गल्ला नवऱ्याकडे असतो, ते तुझ्या कुठल्याच रकान्यात बसत नाही, त्याला वेगळी जागा ठेव.

तुला पिंपळे सौदागर माहितीये ना, तुझी मावसबहीण राहते तिथे, सगळे टॉवर आणि मॉल. तिथे शंभरेक वर्षांपूर्वी हॅरॉल्ड मान नावाचा पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचा प्रिन्सिपॉल घरोघर फिरला होता. जमिनीचे तुकडे किती, कर्ज कुणाचं, खर्च किती, सगळं विचारून त्याने 1917 मध्ये छापलं. एकच गाव, पण अजून लोक ते वाचतात. ते गाव आता उरलंच नाही, त्याच्या पानांवर आहे तेवढंच.

उलट बाजूही सांगतो. सगळं स्वतःच गोळा करायला पाहिजे असं काही नाही, दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांनी 1971 मध्ये गरिबीवरचं ते गाजलेलं काम केलं ते नॅशनल सॅम्पल सर्व्हेच्याच आकड्यांवर, रोज 2,250 कॅलरी पोटात जातील इतका खर्च कुणाला परवडतो हे त्यातून काढलं. तुला पीएलएफएस म्हणजे रोजगाराची सरकारी पाहणी आहे, यूडायस म्हणजे शाळांची सरकारी माहिती आहे, फुकट आहे, पीएलएफएसमधून तालुक्याचं चित्र नाही मिळणार पण राज्याचं मिळेल. प्रबंध ठेवलेली शोधगंगा वेबसाईट पण बघ, तुझ्याच विषयावरचे आधीचे प्रबंध सापडतील, वाचताना त्यांनी कुणाला विचारलं नाही ते शोधत वाच.

दुसऱ्या प्रकरणाबद्दल एकच. ते चॅटजीपीटीने लिहिलंय, मला कळलं, तू असं गुळगुळीत लिहीत नाहीस. त्यातले पाच संदर्भ शोधले, दोन जगात कुठेच नाहीत. काढून टाक आणि जेवढं वाचलंस तेवढंच लिही, दहा पानं झाली तरी चालतील.

आणि ते 'तीन दिवसांत पब्लिकेशन, आयएसएसएन, सर्टिफिकेट फ्री' वाले मेसेज तुलाही येतच असतील, त्यांना पैसे देऊ नकोस. यूजीसीने मे 2018 मध्ये आपल्याच यादीतून 4,305 जर्नल काढून टाकली होती, मग मान्य जर्नलांची नवी केअर यादी आली, 2025 मध्ये तीही बंद केली. 2022 च्या नियमांनंतर प्रबंध द्यायच्या आधी पेपर छापलाच पाहिजे अशी यूजीसीची सक्ती राहिलेली नाही, पण तुझ्या विद्यापीठाचं स्वतःचं परिपत्रक काय म्हणतं ते ऑफिसात जाऊन बघ, कुणाच्या सांगण्यावर राहू नकोस.

फील्डला आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊ नकोस, कुणी भेटणार नाही. सोयाबीन काढणीच्या आठवड्यातही नको. दुपारी दोन ते चार बरं, तेव्हा बायका जरा टेकतात. चहा दिला तर घे. पहिल्या पाच मुलाखती झाल्या की टाईप करत बसू नकोस, वहीच्या पानांचे फोटोच पाठव, तुझं अक्षर कितीही वाईट असलं तरी मला लागतं.

— सर