सूर्य, ज्वालामुखी की आपण? हवामानबदलावर तुमचे प्रश्न

मंडळी, यंदाच्या उन्हाळ्यावर लिहिलं तेव्हा हवामानबदल माणसामुळे होतोय असं मी म्हटलं होतं, त्यावर बरेच प्रश्न आले आणि निम्म्याहून जास्त जणांचं म्हणणं एकच, की हे निसर्गाचंच चक्र आहे. प्रश्न रास्त आहे. मी आयुष्यभर भूगर्भशास्त्र शिकवलंय, निसर्ग हवामान किती उलटंपालटं करू शकतो ते दगडांत बघितलंय. पण प्रत्येक कारण आपली खूण मागे ठेवतं आणि ती खूण तपासता येते, म्हणून एकेक घेऊ.

प्रश्न (परभणी): हिमयुगं आली नि गेली, तेव्हा गाड्या नव्हत्या की कारखाने नव्हते. मग आत्ताच माणसाच्या माथी का मारता?

हिमयुगं आली नि गेली हे अगदी खरं, आणि त्यामागे पृथ्वीवर कुठे किती ऊन पडतं ते बदलत राहणं आहे. पृथ्वीची कक्षा कधी जरा लांबट होते कधी गोल, त्याचं चक्र साधारण १ लाख वर्षांचं, पृथ्वी जिच्याभोवती फिरते ती आस कमीजास्त कलते त्याला ४१ हजार वर्षं लागतात, आणि वेग कमी झालेला भोवरा डुलतो तशी ती डुलते पण, त्याला २६ हजारांच्या आसपास. सर्बियाच्या मिलुटिन मिलांकोविच यांनी हे सगळं गणित कागद-पेन्सिलीवर केलं, कॉम्प्युटर नव्हता तेव्हा. शेवटचं हिमयुग २० हजार वर्षांपूर्वी ऐन भरात होतं, समुद्र आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटर खाली होता, म्हणजे कोकणचा किनारा तेव्हा पार पश्चिमेला सरकलेला.

आता वेग बघा. त्या थंडीतून बाहेर पडताना जग अंदाजे ५-६ अंशांनी तापलं, पण त्याला १० हजार वर्षांच्या आसपास लागली. सुरुवात कक्षेने केली, मग समुद्रातून कार्बन डायऑक्साइड बाहेर आला आणि त्याने गरमी अजून वाढवली. हवेच्या १० लाख भागांत तो १८० च्या आसपास होता तो २८० झाला. आणि आत्ता? हवाई बेटावर मौना लोआ डोंगरावर चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली मोजायला सुरुवात केली तेव्हा आकडा ३१५ होता, आज ४२० च्या वर गेलाय. निसर्गाला ज्याला हजारो वर्षं लागली तेवढी वाढ एका माणसाच्या हयातीत झाली. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे जुने बुडबुडे तपासले तर गेल्या ८ लाख वर्षांत हा आकडा कधी ३०० च्या पुढे गेलेला दिसत नाही. आणि कक्षेच्या हिशोबाने तर सध्या पृथ्वी अगदी हळूहळू थंड व्हायला हवी होती. मला झोप लागू न देणारी गोष्ट ही आहे.

प्रश्न (पुणे, इंजिनिअर): सूर्यच जास्त तापत असेल तर?

तपासून झालंय. १९७८ पासून उपग्रह सूर्याची ऊर्जा मोजतायत, ११ वर्षांच्या चक्रात ती जेमतेम ०.१ टक्का वरखाली होते आणि वाढत गेलेली नाही. शिवाय सूर्यामुळे तापलं असतं तर हवेचे वरचे थरपण तापले असते. झालंय उलटं, खालचा थर तापतोय आणि वरचा, स्ट्रॅटोस्फिअर, थंड होतोय. जाड गोधडी पांघरल्यावर आतली ऊब आतच राहते तसं.

प्रश्न (कराड): एक ज्वालामुखी फुटला की माणसाच्या शंभर वर्षांच्या धुरापेक्षा जास्त गॅस सोडतो असं व्हॉट्सॲपवर आलंय.

हा मेसेज मलाही चार वेळा आलाय, आणि तो चुकीचा आहे. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात तो माणसाच्या जेमतेम १ टक्का भरतो. आपण नुसता कोळसा, तेल, गॅस जाळून वर्षाला ३७ अब्ज टनांच्या आसपास सोडतो. उलट मोठा स्फोट झाला तर काही काळ थंडावा येतो, १९९१ ला फिलिपिन्समधला पिनाटुबो फुटला तेव्हा गंधकाचे बारीक कण इतके उंच गेले की ऊन अडलं आणि जगाचं तापमान वर्ष-दोन वर्षं अर्ध्या अंशाच्या आसपास उतरलं. आपल्या कोळशाच्या धुरातलं गंधकपण हेच करतं, थोडं ऊन अडवतं, म्हणजे खरी तापमानवाढ काही प्रमाणात झाकली जातेय.

पण तुम्ही कराडचे, म्हणून एक सांगतो. पुढच्या वेळी घाट चढताना रस्त्यासाठी फोडलेल्या कड्याकडे बघा. काळ्या दगडाचे थरावर थर दिसतील, काही ठिकाणी मधेच विटेच्या रंगाचा हातभर लाल पट्टा. प्रत्येक काळा थर म्हणजे लाव्हा, आणि लाल पट्टा म्हणजे तो गार होऊन त्यावर माती तयार झाली, मग पुढचा लाव्हा येऊन ती भाजली गेली. दगड हातात घेतला तर बारीक भोकं दिसतात, गॅसचे बुडबुडे होते ते. ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा हा सगळा कारभार, आणि त्या गॅसने तेव्हाचं हवामान बदललं होतं. म्हणजे ज्वालामुखी हवामान बदलू शकतात, आपण त्याच पुराव्यावर घरं बांधलीयत. फक्त त्याला लाखो वर्षं लाव्हा ओतत राहावा लागला, तसं आज कुठे चाललंय?

प्रश्न (नागपूर, बीएस्सीची विद्यार्थिनी): हवेतला जास्तीचा कार्बन आपणच सोडलेला आहे हे कशावरून कळतं?

फार छान प्रश्न. आधी घरचा हिशोब: १ लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोसुद्धा भरत नाही, पण जळल्यावर सव्वादोन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड होतो, कारण कार्बनला ऑक्सिजन हवेतून चिकटतो. म्हणून हवेतला ऑक्सिजन किंचित कमी होतोय, आणि तोही मोजता येतो (घाबरू नकोस, श्वासाला कमी पडणार नाही).

दुसरी खूण कार्बन-१४, म्हणजे हवेत आणि सजीवांत अगदी थोडा असणारा कार्बनचा किरणोत्सारी प्रकार. ५,७३० वर्षांत तो आपोआप निम्मा होतो. तुमच्या वर्धा खोऱ्यातला कोळसा २५ कोटी वर्षांहून जुना, त्यात काही शिल्लकच नाही, तो जाळला की हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण पातळ होतं. तू म्हणशील ज्वालामुखीच्या गॅसमध्येपण कार्बन-१४ नसतो. बरोबर, म्हणून तिसरी खूण लागते. कार्बनचे आणखी दोन प्रकार आहेत, हलका कार्बन-१२ आणि जरा जड कार्बन-१३. झाडं हलका कार्बन-१२ जास्त उचलतात, कोळसा झाडांचाच झालेला, त्यामुळे त्यात कार्बन-१३ कमी असतो, ज्वालामुखीत तेवढा कमी नसतो. हवेतलं कार्बन-१३ चं प्रमाण घटत चाललंय. तीन खुणा, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात.

प्रश्न (ठाणे): ओझोनच्या भोकातून ऊन येतं म्हणून गरम होतंय का?

नाही, ते प्रकरण वेगळं. ओझोन अतिनील किरणं अडवतो, तो फ्रिज-स्प्रेमधल्या सीएफसी वायूंनी विरळ झाला, १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ते वायू बंद होत गेले आणि भोक हळूहळू भरतंय.

प्रश्न (भंडारा): आमच्या दोन म्हशी नि दोन एकर धानाने जग तापतं म्हणतात. आम्ही काय करायचं?

दादा, मिथेन निघतो हे खरं, म्हशीच्या पोटातून आणि पाणी साचलेल्या बांधीतून (धानाच्या बांध घातलेल्या वाफ्यातून), आणि पहिल्या २० वर्षांत तो कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट तापवतो. पण तो साधारण डझनभर वर्षांत विरतो, कोळशाचा कार्बन शेकडो वर्षं हवेत राहतो. भारतातला माणूस वर्षाला सरासरी २ टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, अमेरिकेतला १४ च्या आसपास, आणि भारताच्या त्या सरासरीतही तुमचा वाटा शहरात एसी लावून बसणाऱ्यापेक्षा नक्कीच कमी. म्हशी विकू नका, अपराधी तर अजिबात वाटून घेऊ नका.

तलावाचं किंवा बोअरचं पाणी हाताशी असेल तर एक करता येईल. भोकं पाडलेला पाइपचा तुकडा बांधीत रोवायचा, आतलं पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटर गेलं की मगच पुन्हा पाणी द्यायचं, फक्त फुलोऱ्याच्या वेळी बांधी कोरडी पडू द्यायची नाही. मातीला हवा लागते, मिथेन कधीकधी निम्म्यापर्यंत कमी होतो आणि पाणी वाचतं. आधी एकाच बांधीत करून बघा, आणि मोटर किती तास कमी चालली ते मला नक्की कळवा.