घर घेतलंस ना, मग रंगाआधी पाणी बघ

प्रिय पोरी,

घर झालं, लई आनंद झाला बघ. तेही जुळे सोलापुरात रो हाऊस, स्वतःचा जिना, स्वतःची गच्ची. तू मेसेजमध्ये विचारलंयस की काकू आधी मॉड्युलर किचन करू का कलर, पैसे एकाच कामापुरते आहेत. माझं ऐकशील तर दोन्ही थांबव आणि हे पैसे पाण्याच्या कामाला ठेव. पाणी घरात कुठून येतंय, कुठं साठतंय, कुठून जातंय आणि नको तिथं कुठं मुरतंय हे आधी बघ, कारण आपल्या गावातल्या घरांची बहुतेक दुखणी पाण्यापासनं सुरू होतात आणि नवीन रंग मारला की ती फक्त वर्षभर झाकली जातात, मग परत पोपडे.

उजनीची पाइपलाइन आहे, टाकळीहून भीमेचं पाणी आहे, हिप्परग्याचा तलाव आहे, तरी नळाला रोज पाणी नाही हे तुला मी काय सांगायचं. मधे कुठं पाइप फुटला की पाळी अजून पुढं जाते. म्हणून हिशोब कागदावर कर. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर धरतात, तुम्ही चौघं, म्हणजे 540 लिटर. पाणी चार दिवसांनी आलं तर 2160 लिटर साठा पाहिजे. आता तुझा हौद मोज, लांबी रुंदी खोली फुटात घेऊन गुणायची आणि आलेल्या आकड्याला 28.3 नं गुणायचं, लिटर मिळतात. पाच बाय चार आणि चार फूट खोल असला तर साधारण 2265 लिटर, म्हणजे तुमचं चौघांचं कसंबसं भागतं, पाहुणे आले की टँकर. हे कळल्याशिवाय बाथरूममध्ये कुठला शॉवर बसवायचा ते ठरवू नकोस.

साठा वाढवायचा म्हणून लगेच गच्चीवर दुसरी टाकी चढवू नकोस मात्र. 1000 लिटर पाणी म्हणजे 1000 किलो वजन, पूर्ण एक टन, ते स्लॅबच्या मधोमध ठेवायचं नसतं, खाली कॉलम किंवा बीम कुठं आहे ते बघून त्यावर ठेवायचं असतं. तुझ्या आधीच्या मालकानं एक टाकी नंतर वाढवलीय म्हणालीस, ती कुठं बसवलीय ते एखाद्या इंजिनियरला दाखव, त्याची फी द्यायला मागंपुढं बघू नकोस.

हौद एकदा पूर्ण रिकामा करून आत उतरणाऱ्या माणसाकडनं घासून घे, झाकण आधी बराच वेळ उघडं ठेवायचं आणि वर एक माणूस उभा ठेवायचा, बंद हौदात हवा खराब असू शकते, यात हयगय नको. रिकामा असतानाच भिंतीला चिरा आहेत का बघायचं. ड्रेनेजचा चेंबर हौदाच्या शेजारी आहे का तेही बघ, असला तर पावसाळ्यात पाण्याला वास येतो का यावर लक्ष ठेव. आणि कुणीही सांगितलं तरी नळाच्या लाइनला डायरेक्ट मोटर लावू नको, ते कायद्यानं चालत नाही ते आहेच, पण मोटर ओढायला लागली की लाइनच्या फुटक्या जागेतनं गटाराचं पाणीसुद्धा आत खेचलं जातं, तुझ्याच पोरांच्या पोटात जाणार ते.

साठवलं की डासांचं बघावं लागतं. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातनं एक कोरडा दिवस पाळायचा, बादल्या पिंप सगळं पालथं. नुसतं पाणी ओतून चालत नाही हं, अंडी कडेला चिकटून असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात, तिथं ब्रशनं घासलंच पाहिजे. कूलरची टाकी आणि फ्रिजच्या मागचा ट्रे लोक हमखास विसरतात.

आता गळती. याला मिस्त्री बोलवायच्या आधी तूच दोन गोष्टी कर. रात्री झोपताना गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे तिथं खूण कर, सगळे नळ बंद, सकाळी कुणी नळ उघडायच्या आत परत बघ, पाणी उतरलं असेल तर घरात कुठंतरी जातंय. मग फ्लशच्या टाकीत थोडी नीळ घाल आणि अर्धा तास कुणी फ्लश करू नका, भांड्यात निळं पाणी दिसलं तर वॉशर गेलाय, किरकोळ खर्चात काम होतं. बाथरूमच्या खालच्या भिंतीला ओल असेल तर नहाणी ट्रॅप बोळा घालून बंद कर, इंचभर पाणी साठवून पूर्ण एक दिवस ठेव आणि खालची भिंत बघत राहा. खाली ओल वाढली तर फरशी किंवा ट्रॅपपासनं गळतंय, नाही वाढली तर भिंतीतल्या पाइपात बघायचं. एवढं करून ठेवलंस तर मिस्त्री आल्या आल्या सगळं बाथरूम फोडू म्हणणार नाही, आणि म्हणालाच तरी तुला त्याला विचारता येईल की का.

तुझ्याकडं बोअर आहे ना, त्याचं पाणी जड. नळावर पांढरा थर, गीझर उशिरा तापणं, बादलीला कड, हे सगळं क्षारांचं. नळाच्या जाळ्या काढून लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेव, निघतात. गीझरची सर्व्हिसिंग दरवर्षी कर, आत एक मॅग्नेशियमचा रॉड असतो, टाकी गंजू नये म्हणून तो स्वतः झिजतो, तो संपला का ते बघायला सांग, मेकॅनिक आपणहून सांगत नाहीत. पण अंगणात आणि मोरीत तुझ्या शहाबादी आहे, त्यावर ॲसिड अजिबात ओतू नकोस. शहाबादी म्हणजे चुनखडीचाच दगड, ॲसिड पडलं की फेस येतो आणि लोकांना वाटतं मळ निघतोय, निघतो तो दगड. मग खडबडीत होते आणि दुप्पट मळ धरते. आणि ॲसिड नि ब्लीचिंग कधीच एकत्र करायचं नाही, एकामागनं एकसुद्धा नाही, त्यातनं क्लोरीन वायू होतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेततो. कामाला मावशी ठेवशील तर तिलाही हे स्वतः सांग.

भिंतीला तडे आहेत म्हणून तू घाबरलीयस. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यावरचं घर थोडं हलणारच. प्लास्टरवरचे केसासारखे बारीक तडे असतील तर सोड. खिडकीच्या कोपऱ्यातनं तिरके निघालेले, किंवा दाराची चौकट अडकायला लागलीय असे असतील तर तड्याच्या दोन्ही टोकाला पेन्सिलनं रेघ मारून तारीख टाक, मधे रुंदी लिही. मे महिन्यात एकदा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस होऊन गेल्यावर एकदा बघ. वाढत असेल तर इंजिनियर. घराच्या कडेनं पाणी साचू द्यायचं नाही, गच्चीचा पाइप थेट पायाशी सोडलेला असतो पुष्कळ ठिकाणी, तो पहिला लांब काढ. तू पायाला लागून पिंपळगावचा का कुठला पेरू लावणार म्हणत होतीस, तो कुंपणाकडं सरकव.

गच्चीचं तेवढं लवकर कर, एप्रिल लागायच्या आत. 42-43 अंशात स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती गरमी खाली सोडतो, म्हणून आपल्याकडं रात्री अकरा वाजता पंख्याखालीसुद्धा घाम. गच्चीला पांढरा चुना फेविकॉल घालून दोन हात मारला तरी फरक कळतो, पैसे असले तर कूल रूफचा रंग. आधी भेगा भरायच्या आणि पाण्याचे आऊटलेट साफ करायचे, मगच. कूलर लावशील तर समोरची खिडकी उघडी ठेव, नाहीतर खोलीत दमट होऊन बसतं.

अर्थिंग! उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं, तिथल्या खड्ड्यात अधनंमधनं बादलीभर पाणी ओतायचं, त्याला वापरलेलं पाणी चालतं. मेन बोर्डात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे शॉक बसायला लागला की वीज आपोआप तोडणारा स्विच, आहे का बघ, नसेल तर किचनच्या आधी ती बसव, आणि तिचं टेस्ट बटण महिन्यातनं एकदा दाब.

मीटर, घरपट्टी, पाणीपट्टी, सिटी सर्व्हेला नाव लावायचं काम एजंटवर सोडू नकोस, स्वतः जा.

आणि गल्लीत ओळख काढ. तुझ्या ओळीतली सगळी घरं एकाच बिल्डरची, म्हणजे तुझ्याकडं जे गळतंय ते त्यांच्याकडं आधीच गळून गेलेलं असणार. पण विचारायची पण पद्धत असते. वॉटरप्रूफिंग कुणाकडनं केलं एवढंच विचारलंस तर जो तो आपलाच माणूस चांगला सांगतो. दोन पावसाळे गेल्यावर काय झालं, परत बोलावल्यावर तो आला का, हे विचार, आणि शक्य असेल तर त्यांच्या गच्चीवर जाऊन बघ. तुझ्या मागच्या गल्लीतल्या तेलुगू आजी कुणाला नाही म्हणत नाहीत, त्यांच्या घराचं प्लंबिंग कितीदा तरी बदललंय त्यांनी, कुठला पाइप कुठं जातो त्यांना पाठ आहे. त्यांच्याकडं संध्याकाळी जा, दुपारी झोपतात.

मोजमापं आणि तड्यांचे फोटो मला पाठव, दिवसा उजेडात काढलेले, शेजारी पट्टी धरून. ते बघून कुठला मिस्त्री पाठवायचा ते ठरवते, तोवर कुणालाही ॲडव्हान्स देऊ नकोस.

तुझी काकू