हेम्पवर काम करायचंय? आधी ताग पेर

प्रश्न : सर, मी परभणीला बीएस्सी कृषीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. औद्योगिक हेम्पची (तंतू आणि बियांसाठी लावतात त्या, नशेचा अंश कमी असलेल्या भांगेची) वाढ आणि उत्पादन यावर काम करायची इच्छा आहे. फ्रान्सचं फ्युचुरा ७५ वाण मागवून घरच्या अर्ध्या एकरात लावून बघू का? वडील म्हणतात, गांजाच्या नादी लागू नकोस.

उत्तर : अर्धा एकर सोड, कुंडीतही लावू नकोस. वडिलांची भीती रास्त आहे. विनापरवाना भांगेचं रोप लावलं तर एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. तंतू आणि बियांसाठी लागवडीची मुभा कलम १४ मध्ये आहे, पण ती सरकारने द्यायची असते. उत्तराखंडने ती दिली आहे, टीएचसी (नशा आणणारा घटक) ०.३ टक्क्यांच्या आत राखण्याच्या अटीवर.

शिवाय ते वाण परभणीत उंच होणारच नाही. हेम्प दिवस लहान झाला की फुलतं. उत्तर फ्रान्समध्ये जूनचा दिवस १६ तासांचा, आपल्याकडे जेमतेम सव्वातेरा. रोपाला वाटतं हंगाम सरत आला. ते गुडघ्या-कमरेएवढं असतानाच फुलोऱ्यात येतं आणि वाढ थांबते. तंतू मिळणार कुठून? आपल्या अक्षांशाला उशिरा फुलणारं, तरीही टीएचसी कमी असलेलं वाण हवं. तुझ्यासारख्यांनी करायचं काम हेच आहे.

त्याचा सराव तागावर, म्हणजे आपल्या बोरूवर होतो. तागही लहान दिवसांतच फुलतो आणि त्याला परवाना लागत नाही. दोन वाफे जूनमध्ये पेर, दोन ऑगस्टअखेर. प्रत्येक वेळी एक दाट, एक विरळ. पहिलं फूल कितव्या दिवशी आलं, उंची किती, फांद्या किती, रोज वहीत लिही. दाट वाफ्यातली ताटं सरळ, बारीक, बिनफांद्यांची होतील; विरळ वाफ्यात झाड पसरेल आणि बी जास्त धरेल. हेम्पमध्येही तंतूसाठी दाट आणि बियांसाठी विरळ पेरतात. शेवटी एक पेंढी पाण्यात कुजवून वाख (सालीतला तंतू) सोलून बघ. कमी कुजली तर साल काडीला चिकटून राहते, जास्त कुजली तर वाख हातात तुटतो. हा अंदाज पुस्तकातून येत नाही.

एमएस्सीला वनस्पती पैदासशास्त्र घे. पश्चिम बंगालमधल्या बराकपूरची ज्यूट व तत्सम तंतू संशोधन संस्था नजरेत ठेव. हिमाचल सरकारने २०२५ मध्ये पालमपूर आणि नौणीच्या विद्यापीठांकडे हेम्पचा प्रायोगिक अभ्यास सोपवला आहे. पीएचडीसाठी तिथे चौकशी कर. तागाची वही मुलाखतीला सोबत ने. आणि पेरणीच्या दिवशी वडिलांना बांधावर बोलाव. तागाचा दोर वळायला कदाचित तेच तुला शिकवतील.