पानभर जाहिरात आणि आतली चौकट

गेल्या अंकात ‘इंडिया अब्रॉड’ या न्यू यॉर्कच्या साप्ताहिकावर लिहिलं होतं. गोपाळ राजूंनी १९७० साली ते सुरू केलं आणि २०२०च्या मार्चअखेरीस त्याची छपाई थांबली. अमेरिकेतल्या भारतीय पेपरांना सरकारी जाहिराती मिळतात, असं त्यात जाता जाता म्हटलं होतं. पत्रं आली ती जवळजवळ सगळी त्याच ओळीवर. मी स्वतः न्यू जर्सीत अशाच एका, पण वेगळ्या, साप्ताहिकाच्या जाहिरात विभागात बरीच वर्षं काढली आहेत. त्याचं नाव लिहीत नाही. मालकांची काही उधारी अजून वसूल व्हायची आहे.

मुलाकडे न्यू जर्सीत एडिसनला राहायला गेलो की ओक ट्री रोडवरच्या किराणा दुकानातून फुकटचा भारतीय पेपर आणायचो. २०२०च्या सुरुवातीला त्यात अमेरिकी जनगणनेची रंगीत पानभर जाहिरात असायची. ताई, तिथली आपली माणसं इंजिनिअर, डॉक्टर. इंग्रजी फाडफाड बोलतात. मग सरकारने हा पैसा का उधळावा? पेपरवाल्यांना खूश ठेवायला?
— बँकेतून निवृत्त वाचक, पुणे

काका, तुम्ही पाहिलेली माणसं मुलाच्या मित्रमंडळींतली. पेपर मात्र दुकानाच्या दारात ठेवलेला असतो आणि दुकानात सगळेच येतात. मोटेलच्या काउंटरवर रात्रपाळी करणारा येतो, गॅस स्टेशनवरचा येतो, ग्रीन कार्डावर आलेली आणि नातवंडं सांभाळणारी आजी येते. शेजारच्या आयसेलिनच्या अपार्टमेंटमध्ये दोन खोल्यांत पाच जण राहणारी, एच-वन या नोकरीच्या व्हिसावरची मुलंही येतात. हीच माणसं मोजायची राहतील, ही जनगणनावाल्यांची धास्ती होती.

इंग्रजीचा हिशेब त्यांच्याकडे फार काटेकोर असतो. ज्या घरात चौदा किंवा जास्त वयाच्या एकालाही इंग्रजी नीट येत नाही, ते ‘कमी इंग्रजीचं घर’. ज्या भाषेची अशी ६०,००० घरं, त्या भाषेत फॉर्म ऑनलाइन किंवा फोनवर भरता येणार. अशा इंग्रजीखेरीज १२ भाषा निघाल्या. स्पॅनिश, चिनी, व्हिएतनामी, अरबी, अगदी हैती बेटावरची क्रिओलसुद्धा त्यात होती, भारतातली एकही नव्हती. २,००० घरांची पायरी गाठणाऱ्या भाषांसाठी फॉर्म कसा भरायचा त्याची मार्गदर्शिका. अशा ५९ भाषा झाल्या आणि त्यात गुजराती, तेलुगू, तमिळ यांच्याबरोबर मराठीही होती. म्हणजे हातात मराठी पुस्तिका आणि समोर इंग्रजी फॉर्म. तरी ती पुस्तिका पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

उधळपट्टीचं म्हणाल, तर प्रचारमोहिमेवर सुमारे ५० कोटी डॉलर लागले. पण तिथे जनगणनेवर काँग्रेसमधल्या, म्हणजे तिथल्या संसदेतल्या, राज्यांच्या जागा ठरतात आणि वर्षाला ६७५ अब्ज डॉलरहून जास्त केंद्रीय पैसा कुठे जायचा तेही ठरतं, असं जनगणना खातं स्वतःच सांगत होतं. एखाद्या गावात हजारभर माणसं मोजायची राहिली तर दहा वर्षं त्यांच्या वाटणीचा पैसा दुसरीकडे जातो. शेवटी त्या गणतीत फक्त ‘एशियन इंडियन’ असं लिहिणारे जवळजवळ ४४ लाख भरले, आधीच्या दशकापेक्षा पन्नास टक्क्यांहून जास्त. इतक्या लोकांसाठी चार पानं विकत घेतली तर त्याला मी उधळपट्टी म्हणणार नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. ती पानभर जाहिरात दिसायला सुरेख होती. हसरं कुटुंब, स्वच्छ स्वयंपाकघर, खाली वेबसाइटचा पत्ता. ती छापून आल्यावर आमच्याकडे कुणाचा फोन आला नाही. कशाला येईल? माणसांना जे विचारायचं होतं ते त्यात नव्हतंच.

जाहिरातीबरोबर एजन्सीने ‘ॲडेड व्हॅल्यू’ मागितली. धंद्याच्या भाषेत याचा अर्थ, पानाचे पैसे देतो, वर काहीतरी फुकट छापा. आमच्या संपादकांनी आतल्या पानावर एक चौकट दिली. ‘जनगणनेबद्दल विचारा’, आणि खाली ऑफिसचा नंबर. मग फोन थांबेचनात, आणि माझं टेबल फोनाजवळ असल्यामुळे निम्मे मीच घेत होते.

सगळ्यात जास्त विचारणा आईवडिलांबद्दल. “बाबा-आई सहा महिन्यांसाठी आलेत, त्यांना धरायचं का?” नाही. ते पाहुणे आहेत, भेटीला किंवा फिरायला आलेल्यांची गणती होत नाही. “आणि मी एच-वनवर आहे, मी तर नागरिक नाही.” तुम्हाला धरायचं. व्हिसा कुठला का असेना, वर्षातला बहुतेक काळ जिथे राहता तिथे तुम्ही मोजले जाता. विद्यार्थीसुद्धा, आणि महिन्याभराचं बाळसुद्धा. बाळ मोजायचं असतं हे किती जणांच्या डोक्यातच नव्हतं!

मग आवाज खाली करून विचारलेले प्रश्न. त्या दोन खोल्यांतल्या पाच मुलांपैकी एकाचा फोन मला चांगला आठवतो. भाडेकरारावर नाव दोघांचं, राहणारे पाच. फॉर्मवर पाच लिहिले आणि मालकाला कळलं तर? त्याची नोकरी सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते आणि घर गेलं असतं तर तो रस्त्यावरच आला असता. त्याला आमच्या चौकटीतलं उत्तर वाचून दाखवलं. जनगणनेची माहिती कायद्याने गुप्त असते, घरमालकाला, पोलिसांना, इमिग्रेशनला कुणालाही देता येत नाही. फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला पाच वर्षांपर्यंत तुरुंग आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. वैयक्तिक नोंदी ७२ वर्षं बंद. त्याने विचारलं, “हे तुम्ही सांगताय की सरकार?” मी म्हटलं, कायदा सरकारचा, सांगतेय मी. तो म्हणाला, “मग भरतो.”

नागरिकत्वाचा प्रश्नही असाच. तो फॉर्मवर घालायचा घाट २०१८ साली घातला गेला आणि जून २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अडवला. फॉर्मवर प्रश्न नव्हता. लोकांच्या मनात मात्र तो होताच. तो प्रश्न फॉर्मवर नाही हे हसऱ्या कुटुंबाच्या फोटोतून कसं सांगणार? ते कुणीतरी ओळखीच्या माणसानेच सांगावं लागतं.

तेव्हा काका, सरकारने पैसे दिले ते पानाचे. काम झालं ते चौकटीने, आणि ती फुकटात घेतली. खूश कुणी कुणाला ठेवलं ते तुम्हीच बघा.

मी पत्रकारिता शिकतो. न्यू यॉर्कमध्ये अर्ध्या सरकारी जाहिराती स्थलांतरितांच्या पेपरांना द्यायचा कायदा आहे असं वर्गात ऐकलं. खरं का?
— विद्यार्थी, नाशिक

बरंचसं खरं. ‘न्यू यॉर्क’ म्हणजे मात्र शहर, राज्य नव्हे. २०१३ साली तिथल्या सिटी युनिव्हर्सिटीच्या पत्रकारिता विभागाशी जोडलेल्या एका केंद्राने शहराच्या जाहिरातखर्चाचा हिशेब मांडला, तेव्हा ८२ टक्के पैसा मोठ्या, मुख्य प्रवाहातल्या माध्यमांकडे जात होता. एवढ्या भाषांच्या शहरात! पुढे २०१९मध्ये महापौर बिल डी ब्लाझिओ यांनी आदेश क्रमांक ४७ काढला. शहराच्या खात्यांनी छापील आणि डिजिटल जाहिरातींवरचा निदान निम्मा खर्च सामुदायिक आणि वांशिक माध्यमांत करायचा. महापौर बदलला की आदेश कपाटात जातो, म्हणून २०२१मध्ये त्याचा कायदा केला.

वर्गात बहुधा सांगितलं नसेल ते मी सांगते. अशी टक्केवारी आली की खात्याला खर्च दाखवायचा असतो, आणि शहराचं आर्थिक वर्ष जूनअखेरीस संपतं. आपल्याकडे मार्चएंडला जे होतं तेच तिथे जूनला. वर्षभर शुकशुकाट आणि मे-जूनमध्ये एका अंकात चार खात्यांच्या जाहिराती. दुसरं म्हणजे शहराकडे नाव नोंदवणं. जिथे संपादक, वार्ताहर आणि अंक गाडीत टाकून दुकानोदुकानी पोचवणारा एकच माणूस असतो, तिथे ते अर्ज कोण भरणार? आधीपासून धडधाकट असलेल्या पेपरांना आणखी बळ मिळतं, घरगुती पेपर तसाच राहतो. तरीही कायदा नसता तर आत्ता मिळतं तेही मिळालं नसतं, हे माझं मत.

भाषांचं म्हणशील, तर न्यू यॉर्क शहराच्या २०१७च्या भाषा कायद्यानुसार ठरलेल्या दहा भाषांत बंगाली आणि उर्दू आहेत. शहराच्या क्वीन्स भागात फेरी मारलीस तर कारण विचारावं लागणार नाही. मराठी तिथे नाही, आणि त्यात अन्याय काही नाही. यादी इंग्रजी कमी येणाऱ्यांच्या संख्येवर ठरते, अभिमानावर नाही.

सरकारचे पैसे घेऊन सरकारविरुद्ध लिहिता येतं का हो?
— एक वाचक, सांगली

कायद्याने येतं. पोटाने जड जातं. इथल्या जिल्हा साप्ताहिकाच्या कुठल्याही संपादकाला विचारा, तो माझ्यापेक्षा चांगलं सांगेल.

तुम्ही अमेरिकेचं कौतुक सांगता. आम्ही बेळगावात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, आणि आमच्या घरावर लागणारी नोटीस आम्हाला वाचता येत नाही. आमच्यासाठी काही नियम आहे का?
— वाचक, बेळगाव

आहे, आणि तो अमेरिकेतल्या नियमांपेक्षा जुना आहे. राज्यं भाषेवर वेगळी झाली तेव्हाच, १९५६ साली, भाषिक अल्पसंख्याकांसाठी संरक्षणाचा मसुदा ठरला. जिल्ह्यात किंवा तालुक्यात एखादी भाषा बोलणारे १५ टक्के किंवा जास्त असतील, तर महत्त्वाचे नियम आणि नोटिसा त्या भाषेतही काढाव्यात, असं ठरलेलं आहे. घटनेच्या ३५०-ब कलमाखाली यासाठी स्वतंत्र आयुक्त आहेत.

एवढं लिहून मी थांबले असते तर तुम्ही मला वेड्यात काढलं असतं. आयुक्त शिफारस करतात, हुकूम सोडू शकत नाहीत. शिवाय नोटीस काढणं वेगळं आणि लोक वाचतात त्या पेपरात छापणं वेगळं. बेळगावात मराठी पेपर वाचणारा वर्ग केवढा आहे हे तुम्हाला सांगायला नको. ‘तरुण भारत’ तर १९१९पासूनचा. पाणीपट्टीची मुदत किंवा लसीकरणाची तारीख तिथे छापली तर ती घरात वाचली जाते. आणि पाणीपट्टीच्या तारखेचा सीमाप्रश्नाशी काय संबंध, हे मला आजवर कुणी समजावून दिलेलं नाही. तुमच्याकडे जी नोटीस आली तिची प्रत जोडून आयुक्तांच्या कार्यालयाला लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं नोंदीत येत नाही.

आमच्या महाराष्ट्र मंडळाचं वार्तापत्र निघतं, गणपतीला आणि दिवाळीला छापील, एरवी ईमेलने. काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, आरोग्य खात्याने फ्लूच्या लशीची जाहिरात द्यायची तयारी दाखवली आहे. कार्यकारिणीत दोन तट पडलेत. घ्यावी का?
— मंडळाची सचिव, न्यू जर्सी

घ्या. पण अगं, दोन तटांत जो हिशेबनीस असेल त्याचं आधी ऐक. मंडळ धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेलं असलं तरी जाहिरातीचं उत्पन्न देणगीत बसत नाही, त्यावर कर लागू शकतो. ते आधी विचारून घ्या.

दुसरं, एक छापील रेट कार्ड करा, अर्ध्या पानाचं का असेना. दर नसला की समोरचा माणूस ‘समाजसेवा म्हणून छापा ना’ म्हणतो, आणि आपली माणसं लगेच विरघळतात. छपाईवाला मंडळाला समाजसेवा म्हणून छापून देत नाही.

तिसरं, आणि यावर अडून बस : जाहिरातीबरोबर त्यांनी एक माणूस द्यावा. नर्स चालेल, डॉक्टर असेल तर उत्तमच. मागच्या पानावर प्रश्नोत्तरं ठेवा आणि त्या माणसाची उत्तरं छापा. तुमच्याकडे काय विचारतील ते मी आत्ताच सांगते. भेटीला आलेल्या सासूबाईंना इथला विमा नाही, त्यांना लस मिळेल का, किती पैसे पडतील? मधुमेह आहे, चालेल का? लस घ्यायला ओळखपत्र मागतात का, आणि ती माहिती कुठे जाते का? यातलं एकही जाहिरातीच्या पानावर नसणार. ही प्रश्नोत्तरं फुकट देऊ नका, रेट कार्डावर त्यांची वेगळी ओळ घाला. आम्ही घातली नव्हती.

आणि छापील अंकाच्या दोन प्रती बाजूला काढून ठेव. बिलाबरोबर छापलेलं पान जोडावं लागतं, त्याला टेअर शीट म्हणतात. तीन महिन्यांनी पैसे आले नाहीत म्हणून फोन केलास की तेच पुन्हा मागतात, आणि तोवर सगळे अंक वाटून संपलेले असतात.