इलेक्ट्रिक गाडी रात्रभर चार्जिंगला लावून ठेवली तर चालते का? बॅटरी खराब होते का?

बिनधास्त लावा. बॅटरी भरली की गाडीतलं बीएमएसच, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा, चार्जिंग थांबवतं. कुणी अलार्म लावून उठायला नको. आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत हे एका माणसाला सोडून सगळ्यांना पटलंय, आणि तो माणूस सेक्रेटरी आहे.

गाडी घेतली तेव्हा माझ्या मीटरवरून पार्किंगपर्यंत वेगळी केबल ओढून घेतली. लायसन्सवाला वायरमन, अर्थिंग, जास्त लोड आला की वीज तोडणारा एमसीबी, करंट लीक झाला की तोडणारा आरसीसीबी, सगळं रीतसर. बिलही माझंच. तरी फतवा निघाला: रात्री अकरानंतर चार्जिंग बंद, आग लागली तर जबाबदार कोण? मीटर रूमची किल्ली वॉचमनकडे. अकरा वाजले की तो बिचारा माझा एमसीबी पाडायचा. "साहेब, मला वरून सांगितलंय."

पंधरा अँपियरच्या सॉकेटवर गाडी तासाला तीनेक युनिट घेते. तीस युनिटची बॅटरी भरायला रात्र लागणारच. मी ऑफिसातून घरी येतो नऊला. एकदा पहाटे आईला घेऊन पुण्याला निघालो, तर गाडी चाळीस टक्क्यांवर. एक्स्प्रेसवेवरच्या फूड मॉलला चार्जरच्या रांगेत बसलो असताना आईने विचारलं, "गाडी तुझी की सेक्रेटरींची?"

आणि त्याच बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावरचा एक जण गॅलरीतून वायर खाली सोडून स्कूटर चार्ज करतो. एक्स्टेंशन बोर्डावर, पाऊस लागू नये म्हणून वर प्लास्टिकची पिशवी! त्याला कुणी काही बोलत नाही. सेक्रेटरींचा भाचा आहे.

धोका आहे तो तिथे. गीझर पाव तास चालतो, गाडी आठ तास तेवढाच करंट ओढते. सॉकेट ढिला असेल तर तो तापतो, वितळतो. तासाभराने प्लगला हात लावून बघा. चटका बसला तर चार्जिंग बंद करा आणि सॉकेट बदलून घ्या. एक्स्टेंशन बोर्ड तर नकोच.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत घरच्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येईल असं स्पष्ट लिहिलंय. सोसायटीच्या वार्षिक सभेत, एजीएममध्ये, प्रिंट काढून वाचून दाखवलं. उत्तर आलं, "ते दिल्लीचं झालं." तुम्ही गाडी बुक करण्याआधीच कमिटीकडून लेखी एनओसी घ्या, आणि त्यात वेळेची अट घालू देऊ नका. तोंडी होकाराला काही किंमत नसते.

बॅटरीचं राहिलंच. ती एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) प्रकारची असेल तर रोज ऐंशी टक्क्यांवर थांबवा, गाडीत तशी सेटिंग असेल तर. एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) असेल तर अधूनमधून शंभर टक्के भरा, कंपनीही तेच सांगते. पावसात पाणी भरणारं बेसमेंट असेल तर मात्र रात्रभर लावून झोपू नका. तिथे आमच्या सेक्रेटरींचं म्हणणं बरोबर ठरलं असतं, पण आमच्याकडे बेसमेंटच नाही.