ताखिसिस आणि टियामाट: एकच बाई की दोन?

प्रश्न: आमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पार्टीत क्रिनवरची (ड्रॅगनलान्सचं जग) एक क्लेरिक (देवाकडून स्पेल मिळणारं पात्र) आहे, पॅलडाइन या देवाची भक्त. मागच्या सेशनला सगळे स्पेलजॅमर जहाजातून (जगांमधल्या आकाशात उडणारं) टोरिलला, म्हणजे फॉरगॉटन रेल्म्सच्या जगात पोचले आणि डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) जाहीर केलं की आता तुझे स्पेल बंद, इथे पॅलडाइन नाहीच. ती म्हणाली पॅलडाइन म्हणजेच चांगल्या ड्रॅगनांचा देव बहामट, आणि तो इथे आहे की. अर्धा तास भांडण झालं आणि सेशन तिथंच संपलं. कोण बरोबर?

उत्तर: तुमचा डीएम जरा जास्तच कडक निघाला, पण क्लेरिकही पूर्ण बरोबर नाही. आणि हे भांडण काही तुमच्या टेबलावर सुरू झालेलं नाही, फार जुनं आहे.

1975 च्या खेळाच्या ग्रेहॉक पुरवणीत बहामट आणि त्याची वैरीण टियामाट ही जोडी पहिल्यांदा आली तेव्हा दोघांना नावंसुद्धा नव्हती, एक ड्रॅगनांचा राजा आणि एक राणी, बस्स. टियामाट आणि बहामट ही नावं चिकटली 1977 च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधे. मग 1984 मधे ड्रॅगनलान्स हे क्रिनवरचं सेटिंग आलं आणि त्यात तोच साचा जसाच्या तसा उचललेला दिसतो, राणीला पाच डोकी, पांढरं काळं हिरवं निळं लाल, फक्त नाव ताखिसिस. पॅलडाइन पण प्लॅटिनम ड्रॅगनच. म्हातारा बनून हिंडायची खोडसुद्धा दोघांना सारखीच, बहामट फिरतो तेव्हा बरोबर सात कॅनरी पक्षी असतात जे खरंतर सात गोल्ड ड्रॅगन आहेत, आणि पॅलडाइन होतो फिझबन, सारखी टोपी हरवणारा आणि ऐन वेळी फायरबॉलचा मंत्र विसरणारा. (मला विचाराल तर फिझबनपुढे कॅनरीवाला फारच सभ्य वाटतो.)

आता तुम्ही म्हणाल एवढं सगळं जुळतंय तर एकच म्हणून टाका ना. अडतं कुठे तर पत्त्यावर आणि मरणावर. टियामाट राहते अॅव्हर्नसमधे, म्हणजे नाइन हेल्सच्या पहिल्या थरात. ताखिसिसचं घर मात्र अॅबिस, आणि ग्रेट व्हीलच्या, म्हणजे खेळातल्या विश्वाच्या चाकासारख्या नकाशात अॅबिस म्हणजे डीमन लोकांचा इलाका, तिथे टियामाटचं काही काम नाही. ते एकवेळ सोडून देऊ, क्रिनच्या लोकांनी नाव चुकीचं घेतलं असेल. पण 2002 मधे संपलेल्या कथानकात ताखिसिसचं देवत्व काढून घेतात, ती मर्त्य होते आणि सिल्व्हानोशेई नावाचा एल्फ तिला मारतो. तोल राहावा म्हणून पॅलडाइनपण आपलं देवत्व सोडतो आणि साधा एल्फ होऊन पायी फिरायला लागतो. आता जर या दोन्ही बाया एकच असतील तर त्या दिवशी अॅव्हर्नस रिकामं व्हायला हवं होतं, तसं काही झालं नाही. 2014 मधे तर टियामाटला टोरिलवर आणायचं मोठ्ठं कॅम्पेन आलं.

त्यामुळे माझं मत सरळ आहे, साचा एक पण माणसं दोन. आणि याला बऱ्यापैकी आधार 2021 च्या ड्रॅगनांवरच्या पुस्तकात मिळतो, ज्याला फिझबनचंच नाव दिलंय. त्यात असं आहे की बहामट आणि टियामाटने मिळून एक पहिलं जग घडवलं, ते फुटलं, आणि आजची सगळी जगं म्हणजे त्याचे तुकडे. म्हणून एकाच ड्रॅगनचे पडसाद वेगवेगळ्या जगांत असतात, तोच पण तो नाही, प्रत्येकाचं आयुष्य वेगळं. पुस्तकात हे साध्या ड्रॅगनांबद्दल आहे, मी ते बिनधास्त देवांनाही लावतो.

माझ्या टेबलावर अगदी हाच घोळ झाला होता. आमच्या क्लेरिकने टोरिलवर पहिल्या रात्री प्रार्थना केली, मी काहीच बोललो नाही, फक्त सांगितलं की जहाजाच्या कठड्यावर एक पिवळा पक्षी येऊन बसलाय आणि तुझ्याकडे बघतोय. सकाळी तिचे सगळे स्पेल परत आले. पण उत्तर देणारा आवाज ओळखीचा नव्हता, त्याला तिच्या टोपीवाल्या म्हाताऱ्याचे किस्से माहितीच नव्हते, आणि ती पुढची तीन सेशन त्याला ते किस्से सांगत बसली. तुमच्या डीएमला म्हणावं स्पेल दे, पण ओळख फुकट देऊ नको.

प्रश्न: ही सगळी जगं पहिल्यापासून एकाच विश्वात होती का?

उत्तर: ढोबळ नकाशा होता, पण शिवणकाम नंतरचं. 1987 मधे जेफ ग्रबच्या मॅन्युअल ऑफ द प्लेन्सने प्लेन (स्वर्ग-नरकासारखे लोक) नीट मांडले, 1989 मधे स्पेलजॅमरने प्रत्येक जगाला स्फटिकाच्या गोलात बसवलं आणि मधे जहाजं सोडली, 1994 मधे प्लेनस्केपने सिगिल शहर दिलं जिथून कुठेही दार उघडतं. मग 2001 मधे फॉरगॉटन रेल्म्सने चाकाऐवजी झाडासारखा स्वतःचा वेगळा नकाशा लावला, 2008 मधे खेळाच्या चौथ्या एडिशनने चाकच मोडून टाकलं, आणि 2014 मधे चाक परत. त्यामुळे 'अधिकृत काय' विचारणाऱ्याला आधी विचारायचं, कुठल्या साली?

प्रश्न: एबेरॉनमधे बहामटची क्लेरिक चालेल?

उत्तर: धावेल! 2004 चं हे सेटिंग मुद्दाम वेगळं काढलंय. तिथे जगच तीन ड्रॅगनांचं बनलंय, खायबरने सिबेरिसचे तुकडे केले ते आकाशात कड्यासारखे राहिले, आणि एबेरॉनने खायबरला वेटोळं घालून कोंडलं ती आपल्या पायाखालची जमीन. टियामाट तिथे देवी नाहीच, जखडून ठेवलेली एक ओव्हरलॉर्ड, म्हणजे बलाढ्य दुष्ट शक्ती आहे. आणि मुख्य म्हणजे देव खरंच आहेत का हे तिथे कोणालाच सिद्ध करता येत नाही, स्पेल श्रद्धेवर चालतात. पहिल्या प्रश्नातलं भांडण तिथे झालंच नसतं.

प्रश्न: टियामाट, बहामट ही नावं आली कुठून?

उत्तर: टियामाट बॅबिलोनी, खाऱ्या समुद्राची आदिमाता. पाच डोकी वगैरे खेळवाल्यांची भर. बहामट अरबी कथांमधला, आणि तो ड्रॅगन नाहीच, अख्खी पृथ्वी ज्याच्यावर टेकलीये असा अवाढव्य मासा. पाथफाइंडर या दुसऱ्या खेळवाल्यांनी त्याच बॅबिलोनी घरातून टियामाटच्या नवऱ्याचं, अप्सूचं नाव घेऊन त्याला चांगल्या ड्रॅगनांचा देव केला आणि त्याच्यासमोर वैरी म्हणून पोरगा दहाक उभा केला, हे नाव पारशांच्या अवेस्ता ग्रंथामधल्या तीन तोंडांच्या अझी दहाकचं.

यात मला एक गंमत वाटते. मूळ कथेत मार्दुक टियामाटला सुकवलेल्या माशासारखी मधोमध चिरतो आणि दोन अर्ध्यांचं आकाश आणि जमीन करतो. चौथ्या एडिशनमधे एरेक-हुस नावाचा प्रायमॉर्डियल (देवांचा आदिम वैरी) आयो या ड्रॅगनदेवाला असाच उभा चिरतो आणि दोन अर्ध्यांतून उठतात बहामट आणि टियामाट. म्हणजे चिरलं जायची पाळी फक्त लेकीवरून बापावर गेली.