.३२ चं पिस्तूल खरंच मध्येच अडकतं का, की रिव्हॉल्व्हरच घ्यावं?

अडकतं, पण तेवढ्या धास्तीने पिस्तूल सोडू नका. बहुतेक वेळा दोष मॅगझिन (काडतुसांची पेटी) भरण्याचा किंवा पकडीचा असतो. हे इथे ग्वाल्हेरला स्वतःचं वापरून आणि रेंजवर चारचौघांची पाहून सांगतोय. या पिस्तुलात लागणाऱ्या .३२ एसीपी काडतुसाच्या बुडाची कड किंचित बाहेर आलेली असते. भरताना वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे गेली, तर दोन्ही एकमेकांत गुंततात आणि वरचं काडतूस पुढे सरकतच नाही. म्हणून प्रत्येक वेळी वरच्याची कड पुढे बसलीय ना, हे बघूनच दाबा. काडतूस बारकं असलं तरी झटका बोचरा असतो, कारण यातल्या बहुतेक पिस्तुलांत सगळा जोर नुसती स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) आणि स्प्रिंग झेलते. मनगट ढिलं राहिलं की रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत उभी अडकते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तेल अगदी थेंबभरच; जास्त झालं की धूळ धरून त्याचा चिखल होतो. मात्र काडतूस फुसकं निघालं तर रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढला की काम भागतं, पिस्तुलाची स्लाइड ओढावी लागते. परवान्यावर काडतुसं मोजकीच मिळतात, त्यामुळे सराव जमणारच नसेल तर रिव्हॉल्व्हर बरं.